आमच्या उन्हाळ्यात गेम खेळताना तापणारा संगणक

बहुतेक लॅपटॉपसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात, अगदी बारीक अक्षरांत, यंत्र वापरण्यास योग्य असे हवेचे तापमान दिलेले असते आणि त्याची वरची मर्यादा सहसा ३५ अंश सेल्सिअस असते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मार्चच्या उत्तरार्धापासून जूनमधल्या पहिल्या चांगल्या पावसापर्यंत दुपारची हवा ही मर्यादा जवळपास रोज ओलांडते, आणि नवतप्यात, म्हणजे २५ मे पासूनच्या नऊ दिवसांत, सिमेंटच्या स्लॅबखालची खोली दिवस मावळून बराच वेळ झाला तरी निवत नाही. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला आणि वर्धा ही नावे तर दर उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांमध्ये वाचायला मिळतात. अशा मुलखात ज्याला संगणकावर गेम खेळायचे आहेत, त्याने यंत्राच्या उष्णतेचा विचार वेगळ्या टोकापासून सुरू केला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. इंटरनेटवर सापडणारे बहुतेक सल्ले खोलीचे तापमान २२ ते २५ अंश आहे असे धरूनच दिलेले असतात. आमच्याकडे आधी खोलीतली हवा, मग यंत्रात तयार होणारी उष्णता आणि सर्वांत शेवटी विकत घ्यायच्या वस्तू, असा क्रम लावला तरच काही हाती लागते.

याचे कारण सोपे आहे. प्रोसेसरवर बसवलेला हीटसिंक, म्हणजे धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा, आणि त्याचा पंखा थंडावा तयार करत नाहीत; ते उष्णता उचलतात आणि खोलीतल्या हवेच्या स्वाधीन करतात. त्यामुळे पंख्यावर थंड होणारे कोणतेही यंत्र खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. एकच गेम, तीच सेटिंग आणि त्याच वेगाने फिरणारा पंखा असेल, तर प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा साधारण ठरावीक अंशांनी वर राहतो. डिसेंबरात खोली २० अंशांवर असताना प्रोसेसर ७० वर राहत असेल, तर एप्रिलमध्ये खोली ४० वर गेल्यावर तो ९० च्या आसपास जाणार, आणि यात यंत्राचे काहीही बिघडलेले नसते. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांची वरची मर्यादा १०० अंश असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची ९५ अंश. एनव्हिडियाची अनेक ग्राफिक्स कार्डे त्याही आधी, ८३ ते ८७ अंशांच्या दरम्यानच, आपला वेग कमी करू लागतात. मर्यादेजवळ पोहोचलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग खाली आणतो, यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. खेळणाऱ्याला ते वेगळ्याच रूपात दिसते: पहिली दहा-पंधरा मिनिटे गेम सुरळीत चालतो, मग ऐन वळणावर चित्र अडखळते, क्षणभर सुधारते आणि पुन्हा अडखळते. अनेक जण त्याचा दोष इंटरनेटला किंवा गेमला देतात.

म्हणून पहिली खरेदी करायची असेल तर ती खोलीत टांगायच्या साध्या थर्मामीटरची करावी, असे मी सगळ्यांना सांगतो. त्याच्या जोडीला एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम घ्यावा. त्यात प्रोसेसरचे तापमान, त्याचा वेग, पंख्याचे फेरे आणि थ्रॉटलिंग झाले की नाही हे सगळे दिसते. नंतर एका वहीत तीन आकडे लिहीत जावे: खोलीचे तापमान, अर्धा तास खेळल्यानंतरचे प्रोसेसरचे तापमान आणि या दोहोंतला फरक. माझ्या दृष्टीने या वहीतला सर्वांत मोलाचा आकडा हा तिसरा आहे. प्रोसेसर मागच्या महिन्यापेक्षा दहा अंश जास्त तापत असेल पण फरक तेवढाच असेल, तर ऊन वाढले आहे. यंत्र उघडून काही उपयोग नाही. खोलीचे तापमान तेवढेच असताना फरक मात्र ४५ वरून ५५ वर गेला असेल, तर आत धूळ बसली आहे, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली, उष्णता पुढे नेणारी पेस्ट सुकली आहे किंवा पंखा थकला आहे. यात एक काळजी घ्यावी लागते. प्रोसेसर मर्यादेला टेकलेला असताना हा फरक खोटा निघतो, कारण तो वेग कमी करून तापमान तिथल्या तिथे धरून ठेवतो, आणि खोली जितकी तापेल तितका फरक कमी दिसू लागतो. त्यामुळे मोजमापासाठी हलका गेम निवडावा, फ्रेमची, म्हणजे सेकंदाला काढल्या जाणाऱ्या चित्रांची, मर्यादा ठरवून द्यावी आणि प्रत्येक वेळी तोच गेम त्याच सेटिंगवर चालवावा.

तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात मला लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगितले गेले होते, तेव्हा याच वहीने माझे पैसे वाचवले. हिवाळ्यातला आणि उन्हाळ्यातला फरक जवळजवळ सारखाच होता. वाढले होते ते फक्त खोलीचे तापमान.

आता खोलीविषयी. आमच्या जुन्या घरावर कवेलू आहेत, भिंती मातीच्या आणि जाड आहेत. नव्या बाजूला सिमेंटचा स्लॅब टाकलेली एक खोली आहे आणि मागे टिनाचे शेड आहे. तिन्ही ठिकाणी थर्मामीटर टांगून पाहिल्यावर जे दिसले ते खेळणाऱ्यासाठी फार उपयोगी आहे. टिनाखाली दुपारी सर्वाधिक ताप असतो, पण पत्रा पातळ असल्यामुळे रात्री तो लवकर निवतो. स्लॅबचे उलट आहे: तो दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत ते खाली सोडत राहतो, म्हणून स्लॅबच्या खोलीत रात्री आठ ते बाराचा वेळ, म्हणजे नेमका बहुतेकांचा खेळण्याचा वेळ, सर्वांत वाईट. कवेलूंच्या खोलीत दुपारीही त्यातल्या त्यात बरे असते. लोक जी खोली नवी म्हणून संगणकाला देतात ती बहुधा स्लॅबची, पश्चिमेला खिडकी असलेली असते. माझा संगणक मी कवेलूंच्या मधल्या खोलीत हलवला आणि मे महिन्यात जड गेम खेळायचे असतील तर ते पहाटे खेळायचे ठरवले. पहाटे साडेचार ते सात या वेळात हवा दिवसातली सर्वांत थंड असते. सुट्टीत येणारा भाचा आधी कुरकुरत असे, आता तोच म्हणतो, "मामा, सकाळी गेम अटकतच नाही."

खोलीतला डेझर्ट कूलर हे आपल्या भागातले सर्वांत परिणामकारक साधन आहे, आणि त्याची ताकद पुष्कळ खेळणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. आपली एप्रिल-मेची हवा कोरडी असते. वाळ्याच्या किंवा गवताच्या ओल्या ताट्यांमधून ती खेचली गेली की पाणी वाफ होताना तिच्यातली उष्णता घेऊन जाते, आणि बाहेर ४४ अंश असताना चांगल्या कूलरसमोरची हवा ३० च्या आसपास येऊ शकते. वर सांगितलेल्या हिशेबाने प्रोसेसरचे तापमानही जवळपास तेवढ्याच अंशांनी उतरते. कोणताही कूलिंग पॅड हे करू शकत नाही, कारण पॅड खोलीतलीच तापलेली हवा लॅपटॉपखाली ढकलतो. मात्र कूलर लावताना समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवलेच पाहिजे. खोली बंद केली की ओलावा साचतो, ताट्यांमधले बाष्पीभवन मंदावते आणि तासाभरात खोली दमट व गरम होते. पावसाळ्यात कूलर निरुपयोगी ठरतो, पण तेव्हा बाहेरची हवाच बरी असल्याने अडत नाही.

कूलरच्या थेट झोतात संगणक ठेवू नये. दमट हवेने यंत्रावर पाणी धरेल अशी भीती अनेकांना वाटते. ती अनाठायी आहे, कारण चालू यंत्र खोलीपेक्षा गरम असते आणि गरम पृष्ठभागावर दव पडत नाही. खरा धोका तुषारांचा आहे. आमच्या बोअरवेलचे पाणी जड आहे. ताट्यांवर महिनाभरात पांढरा थर बसतो, आणि झोताबरोबर उडणारे बारीक थेंब तेच क्षार यंत्राच्या आत नेऊन ठेवतात. कूलरचा झोत खोलीच्या मध्यावर असावा आणि टेबल त्याच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून असावे, म्हणजे यंत्रातून निघालेली गरम हवा भिंतीवर आपटून परत आत जात नाही.

यानंतरचा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर मराठीत फारसे कुणी लिहीत नाही: कापूस. भाव मिळेपर्यंत कापूस घरातच ठेवण्याची वेळ आपल्याकडच्या शेतकऱ्यांवर दरवर्षी येते. नोव्हेंबरपासून पुढे समोरची खोली छतापर्यंत भरलेली, आणि तिच्याच शेजारी मुलांचा अभ्यास, टीव्ही आणि संगणक, असे चित्र मी कितीतरी घरांत पाहिले आहे. या कापसाचे तंतू हवेत सतत तरंगत असतात. साधी माती हीटसिंकच्या पात्यांमधून काही प्रमाणात बाहेर तरी निघून जाते, पण तंतू पात्यांच्या तोंडाशी आडवे अडकतात, त्यांवर आणखी तंतू बसतात, मग त्यात माती धरली जाते आणि पंखा व हीटसिंक यांच्यामध्ये नमद्यासारखा घट्ट थर तयार होतो. बाहेरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते. पंखा मात्र पूर्ण वेगाने फिरत असूनही मागच्या फटीतून हवा येत नाही. माझ्या आईला आकडे कळत नाहीत, पण पंख्याचा बदललेला आवाज तिने माझ्याआधी ओळखला: "हे मशीन भल्लं तापून राह्यलं बापा, आवाज पाय कसा करते."

ऑक्टोबरमधल्या सोयाबीनच्या आणि पुढे तुरीच्या मळणीत थ्रेशरमधून उडणारे कुटार हे याच जातीचे संकट आहे, फक्त ते थोड्या दिवसांचे असते. मळणी घराजवळ सुरू असेल तर त्या दिवशी संगणक बंद करून कापडाखाली ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी खोली झाडून, ओल्या फडक्याने पुसून मगच सुरू करावा. चालू यंत्रावर मात्र कधीही कापड टाकू नये.

साफसफाईबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण गावात ती चुकीच्या पद्धतीने होताना दिसते. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने संगणक उडवून घेण्याची पद्धत सर्रास आहे. त्या हवेत टाकीत साचलेले पाणी आणि तेलाचा अंश असतो, आणि दाबही फार जास्त असतो. हाताने धरायचा विजेवरचा छोटा ब्लोअर आणि रंगकामाचा मऊ ब्रश एवढे पुरेसे आहे. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, मागचे झाकण उघडावे; शक्य असेल तर आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. हमीचा काळ संपलेला नसेल तर झाकण उघडण्याविषयीच्या अटी आधी वाचाव्यात. पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवावीत, कारण झोताने पंखा भरधाव फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. तंतूंचा थर ब्लोअरने उडत नाही. तो चिमट्याने अलगद, एका तुकड्यात उचलावा लागतो. बाहेरून आत हवा मारली तर तोच थर सुटून पंख्यात अडकतो, म्हणून झाकण न उघडता केलेली सफाई कापसाच्या घरात कामाची नाही. डेस्कटॉप असेल तर हवा आत येण्याच्या बाजूला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा घट्ट ताणून लावावा. ती जाळी माती अडवत नाही, तंतू मात्र अडवते, आणि आठवड्याला काढून झटकता येते.

पेस्टचे काम वर्षा-दोन वर्षांनी करावे लागते. नेमके केव्हा, ते वहीतला फरक सांगतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावी आणि आर्क्टिक एमएक्स-४ सारखी वीज न वाहणारी पेस्ट वाटाण्याएवढी लावावी. जास्त लावल्याने जास्त थंडावा मिळत नाही.

खोली आणि सफाई झाल्यावर उरतो तो यंत्राच्या आतला हिशेब, आणि इथे एक पैसाही खर्च न करता सर्वांत मोठा फायदा होतो. संगणक जितके वॅट घेतो तेवढीच उष्णता खोलीत सोडतो. ३०० वॅट घेणारा डेस्कटॉप म्हणजे तेवढ्याच वॅटचा हीटर मे महिन्यात खोलीत चालू ठेवणे आहे. म्हणून पहिले काम फ्रेमला मर्यादा घालण्याचे. पडदा सेकंदाला ६० चित्रेच दाखवू शकत असेल तर ग्राफिक्स कार्डाने दीडशे चित्रे काढणे हा निव्वळ उष्णतेचा व्यवहार आहे. बऱ्याच गेममध्ये ही सोय आतच असते. नसेल तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कमाल फ्रेमची मर्यादा देता येते. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रे दाखवणाऱ्या, पडद्यावर ७२ ही मर्यादा मला योग्य वाटते, कारण ती पडद्याच्या वेगाच्या नेमकी निम्मी असल्याने चित्राची लय बिघडत नाही. गेमच्या मेनूकडेही लक्ष द्यावे. मर्यादा नसलेल्या मेनूत कार्ड रिकामेच शेकडो फ्रेम काढत बसते, आणि खेळाडू पाणी प्यायला उठलेला असताना यंत्र सर्वाधिक तापते.

दुसरे काम प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे भार पडला की नेहमीपेक्षा वर जाणारा वेग, रोखण्याचे. चिपमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज फक्त १० टक्के कमी झाले तरी त्याच वेगाला वीज १९ टक्क्यांनी कमी लागते. वरचा थोडासा वेग मिळवण्यासाठी प्रोसेसरला व्होल्टेज बरेच वाढवावे लागते, म्हणून तोच वेग सर्वांत महाग असतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० वरून ९९ टक्के केली की बहुतेक यंत्रांवर टर्बो बंद होतो. ज्या गेमचा भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर असतो त्यांत फ्रेम फारशा घटत नाहीत, आणि प्रोसेसरचे तापमान १० ते २० अंशांनी उतरलेले मी स्वतः वहीत नोंदले आहे. काही नव्या लॅपटॉपवर ही सेटिंग दिसत नाही. तिथे कंपनीच्याच प्रोग्राममधला शांत किंवा संतुलित मोड निवडावा. व्होल्टेज थेट कमी करण्याचा मार्गही आहे, पण इंटेलच्या अनेक लॅपटॉपवर तो २०१९ मध्ये उघड झालेल्या प्लंडरव्होल्ट या सुरक्षा-त्रुटीनंतर बायोसमधूनच, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधूनच, बंद करण्यात आला, त्यामुळे त्यावर वेळ घालवण्याआधी आपल्या यंत्रावर तो उघडा आहे का हे पाहून घ्यावे. सावल्यांची आणि प्रतिबिंबांची सेटिंग एक पायरी खाली आणणे हा त्याहून सोपा उपाय आहे. खेळण्यातला आनंद त्याने कमी होत नाही, असा माझा अनुभव आहे.

गावच्या विजेचाही यात हात असतो. ओलिताच्या दिवसांत पंप सुरू झाले की घरातला दिवा मंद होतो. लॅपटॉपचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टमध्ये चालतो खरा, पण व्होल्टेज पडले की तेवढेच वॅट मिळवण्यासाठी तो जास्त करंट ओढतो आणि स्वतः अधिक तापतो. अडॅप्टर गादीवर किंवा टेबलाखालच्या वायरींच्या गुंत्यात ठेवू नये. फरशीवर, मोकळ्या हवेत ठेवावा. लाइन गेली की खोलीतला कूलरही थांबतो, आणि छोट्या घरगुती इन्व्हर्टरवर कूलर सहसा चालवला जात नाही, म्हणून यंत्र बॅटरीवर चालू राहिले तरी खेळ तिथेच थांबवणे शहाणपणाचे. चौकोनी लहर देणाऱ्या जुन्या इन्व्हर्टरवर डेस्कटॉप चालवू नये. आधुनिक पॉवर सप्लायला त्याचा त्रास होऊ शकतो, त्यासाठी साइन वेव्ह इन्व्हर्टरच हवा.

लॅपटॉपखाली बर्फाची पिशवी किंवा ओले फडके ठेवण्याची युक्ती पोरांमध्ये फिरत असते. ती पूर्णपणे टाळावी. बर्फाने पृष्ठभाग हवेपेक्षा बराच थंड होतो, त्यामुळे दव खरोखरच धरू शकते आणि ते आत उतरते; ओल्या फडक्याचे तर पाणीच आत जाऊ शकते. डेस्कटॉपचे बाजूचे झाकण काढून ठेवण्याने काही दिवस तापमान उतरलेले दिसते, पण कापसाच्या घरात तो लाभ एका हंगामातच संपतो आणि उंदीर व पालींना वाट मोकळी होते.

बॅटरीकडे मात्र सर्वांचे दुर्लक्ष होते. लिथियम आयन बॅटरी पूर्ण भरलेली आणि गरम अशा दोन्ही स्थितींत एकदम राहिली की वेगाने म्हातारी होते, आणि चार्जर लावून उन्हाळ्यात तासन्‌तास गेम खेळताना नेमके तेच घडते. बहुतेक कंपन्यांच्या प्रोग्राममध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. मार्चमध्येच ती सुरू करून द्यावी. टचपॅड वर उचलला गेल्यासारखा वाटला, झाकण नीट बसेनासे झाले किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगली आहे असे समजून यंत्र ताबडतोब बंद करावे, चार्जर काढावा, ती बॅटरी दाबू किंवा टोचू नये आणि यंत्र जाणकाराकडे न्यावे. घरात कापूस भरलेला असेल तर असा लॅपटॉप एक रात्रही त्या खोलीत ठेवू नये. तो बाहेर ओसरीवर, फरशीवर, कापसापासून आणि पऱ्हाटीच्या ढिगापासून दूर ठेवावा.